न पडणारा पूल आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे, आणि आयुष्यात मी एकही खिळा ठोकलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. हातोडी म्हटलं की लोक खिळा घेऊनच समोर येतात, म्हणून हा खुलासा. माझं काम वेगळं होतं. मी लोखंडाला प्रश्न विचारायचे आणि लोखंड उत्तर द्यायचं. ते ऐकायला मात्र एक माणूस लागायचा. माझी सगळी कहाणी त्या माणसाची आहे, आणि ती सांगताना मला अजूनही वाईट वाटतं.

रेल्वेच्या कारखान्यात एका लोहाराने मला घडवलं. मूठभर डोकं आणि वीतभर दांडा, बस्स. लोहार मोठा चिडका होता. भट्टीपाशी येणाऱ्या प्रत्येकाला तो "सरक तिकडे" एवढंच म्हणायचा. मला मात्र त्याने तीनदा तापवलं, तीनदा विझवलं, मग ऐरणीवर हलकेच आपटून कान जवळ नेला. "ही बोलेल," तो म्हणाला. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. त्यानंतर माझा दांडा दोनदा बदलला, पण डोकं अजून त्याच्याच हातचं आहे.

मी गेले ती एका पूल-तपासनिसाच्या हाती. नदीवरच्या रेल्वे पुलाची तपासणी हे त्याचं काम. लोखंडी पुलाच्या तुळया रिव्हेटांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. रिव्हेट म्हणजे दोन्हीकडून डोकं चेपलेला जाड खिळा. एकदा बसला की सहसा हलत नाही. पण वर्षानुवर्षं गाड्या धडधडत गेल्या की एखादा ढिला होतो, आणि ढिला झालेला डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी मी. तपासनीस रिव्हेटच्या एका बाजूला डाव्या हाताचं बोट ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूने मला हलकेच मारायचा. रिव्हेट घट्ट असला की मी टण्ण वाजायचे आणि बोटाला काही कळायचं नाही. ढिला असला की मी बद्द वाजायचे आणि बोटाला गुदगुली व्हायची. मग तिथे खडूने गोल करायचा आणि वहीत लिहायचं. काम एवढंच, पण दोरीला लोंबकळत, खाली नदी आणि डोक्यावर गाडी असताना करायचं.

त्याचा कान इतका तयार होता की पुलावरचे गडी त्याला 'कानसेन' म्हणायचे. चेष्टेनेच म्हणायचे, पण एखाद्या रिव्हेटवरून वाद झाला की बोलावणं त्यालाच यायचं. मीही त्याला त्याच नावाने हाक मारणार आहे.

कानसेनचं लग्न झालं नव्हतं. तो आपल्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे राहायचा. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. ताईचे यजमान इंजिनड्रायव्हर होते. कानसेन त्यांना भावोजी म्हणायचा. पूल जवळ आला की भावोजी गाडी हळू करायचे आणि दोन छोट्या शिट्ट्या द्यायचे. खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचे, "काय हो मेहुणे, जाऊ का पुढं, का अजून ठोकाठोकी बाकी आहे?" कानसेन मला वर उंचावून दाखवायचा. म्हणजे, या खुशाल. अकरा वर्षं हा रिवाज एकदाही चुकला नाही. अकरा वर्षांत भावोजी त्या पुलावरून एकदाही जोरात गेले नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा.

एके दिवशी तिसऱ्या खांबावरच्या सांध्यात मी बद्द वाजले. शेजारच्या रिव्हेटवर पुन्हा बद्द. एकाच सांध्यात चार रिव्हेट ढिले! कानसेनने चार गोल काढले आणि तडक साहेबांची कचेरी गाठली. साहेब सही करता करता म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुलाचं रंगकाम आहेच. तेव्हाच करून घेऊ. आता चार रिव्हेटसाठी गाड्या थांबवल्या तर वरून मलाच विचारतील. तुम्ही वहीत 'ठीक' लिहा."

"पण साहेब, चारही एकाच सांध्यात आहेत."

"पूल साठ वर्षं उभा आहे. महिनाभर नाही राहणार?"

कानसेनने वही उघडली आणि 'ठीक' असं लिहिलं. खाली सही, तारीख. मग पुलावर परत जाऊन बाहीने चारही गोल पुसून टाकले. मी त्याच्या कमरेला होते. मित्रांनो, मी माझ्यापुरतं खरं तेच बोलले होते. पण हातोडीला एकच शब्द येतो, आणि तो ऐकणाऱ्याने गिळला की हातोडी काय करणार?

त्यानंतर अकराव्या दिवशी भावोजींची मालगाडी पुलावर आली आणि पूल तिसऱ्या खांबापाशी तुटला. दोन शिट्ट्या त्या दिवशीही झाल्या होत्या. भावोजी परत आले नाहीत.

चौकशी बसली. तपासणीच्या वहीत तर सगळं ठीक होतं. मग दोष कुणाचा? ड्रायव्हरने गाडी बेफाम हाकली, त्यामुळे ती रुळांवरून उसळली आणि तिच्या धक्क्याने पूल तुटला, असं ठरलं. कानसेनला एकच प्रश्न विचारला, "ही सही तुमचीच ना?" तो म्हणाला, "हो." त्या एका शब्दाने भावोजींच्या नावाला काळं फासलं गेलं.

ताईला हे पटेचना. ती ज्याला त्याला सांगायची की ते कधी जोरात चालवत नव्हते. लोक मान डोलवायचे आणि विषय बदलायचे. तिच्या मुलीला शाळेत 'पूलतोड्याची पोर' म्हणू लागले. ती रडत घरी यायची आणि ताई तिला जवळ घेऊन कानसेनकडे बघायची. "तू तर तिथेच असायचास रे. तूच सांग ना हिला, बाबा हळूच जायचे ना?"

"हळूच जायचे," तो म्हणायचा आणि ताटात बघत राहायचा. पुढचं वाक्य त्याच्या घशाशी यायचं आणि परत जायचं. ताईला ते दिसायचं नाही. ती म्हणायची, "बघ, मामा खोटं नाही बोलणार." माझी जागा भिंतीवरच्या खुंटीवर होती. तिथून मी हे सहा वर्षं ऐकलं.

त्याने पुलाची नोकरी सोडली. घरी बसून पत्रे आणि तारा कापून तो भाचीसाठी छोटे छोटे पूल बनवायचा. ते इतके हुबेहूब असायचे की शेजारीपाजारी बघायला यायचे. मला मात्र तो खुंटीवरून क्वचितच काढायचा. बाहेर जाताना तेवढी मी त्याच्या कोटाच्या खिशात असायचे, दांडा आत आणि डोकं बाहेर. मी नसले की त्याला चुकल्यासारखं व्हायचं. पण खिशात असले म्हणून तो मला वापरायचा नाही. मी मुकीच झाले, असं समजून तो वागायचा.

आणि मग आमच्याकडे सिनेमावाले आले.

गावाबाहेरच्या स्टुडिओत आगगाडीचा एक सिनेमा चालू होता. शेवटी पूल कोसळतो आणि गाडी नदीत पडते, असा प्रसंग होता. दिग्दर्शक गोल टोपी घालायचा आणि बसून बोलणं त्याला जमायचं नाही. आमच्या खोलीत येरझारा घालत तो म्हणाला, "पडद्यावर आगगाडी आली की माणूस खुर्चीच्या टोकाशी येतो. आणि पूल आला की श्वासच रोखून धरतो. म्हणून मला साधा खेळण्यातला पूल नको. खरा वाटला पाहिजे. तुम्ही खऱ्या पुलावर होतात ना?"

ताई म्हणाली, "घे रे काम. किती दिवस असा बसून राहणार?"

त्याने ते घेतलं. का घेतलं, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, त्याला तो पूल एकदा पुन्हा उभा करायचा होता.

पाच महिने आम्ही स्टुडिओत होतो. खोलीएवढ्या हौदात कमरेइतका पूल उभा राहिला. नखाएवढे रिव्हेट, हजारो. प्रत्येकावर त्याने मला टेकवलं. सहा वर्षांनी मी पुन्हा बोलू लागले होते. टण्ण, टण्ण, टण्ण! मित्रांनो, त्या पाच महिन्यांत मी फार सुखात होते, हे कबूल करते. तो पूल कशासाठी आहे, हे मी विसरूनच गेले होते. तोही विसरला होता.

तिथे एक म्हातारा कारागीर होता. सिनेमातले पूर, आगी, अपघात घडवणं हा त्याचा धंदा. त्याने सात सिनेमांतून सात पूल पाडले होते आणि एकेकाची हकिगत तो चवीने सांगायचा. कुठला पूल मेणाचा, कुठला काड्यांचा, एक तर नुसत्या पुठ्ठ्याचा. आमचं काम बघून तो म्हणाला, "अहो, सिनेमातला पूल जोडायचा नसतो. रचायचा असतो, नुसता एकावर एक. तुम्ही हे काय चालवलंय?"

"होईल हो व्यवस्थित," कानसेन म्हणाला. इतकी वर्षं ज्याने सांधे घट्ट राखले, त्याच्या हाताला ढिलं ठेवता येईना.

चित्रणाचा दिवस उजाडला. तीन कॅमेरे लागले. छोटी गोष्ट पडद्यावर मोठी आणि जड वाटावी म्हणून कॅमेऱ्यातली फिल्म नेहमीपेक्षा भराभर फिरवायची असते, असं म्हाताऱ्याने समजावून सांगितलं. तिसऱ्या खांबाच्या पायाला तार बांधली होती. गाडी मधोमध आली की तार ओढायची, खांब सरकणार आणि पूल खाली. इशारा झाला. गाडी निघाली. तार ओढली. खांब सरकला... आणि पूल जागच्या जागी! गाडी डुलत डुलत पलीकडे गेली आणि थांबली.

मग दिवे धरणारे गडी खो-खो हसू लागले. दिग्दर्शकाने टोपी काढून आपटली. "अहो मिस्त्री, हा पडायचा पूल आहे! पडायचा!"

दुसऱ्यांदा दोन तारा लावल्या. तरीही गाडी सुखरूप पार. मी कानसेनच्या हातात होते. मी वर पाहिलं, तर तो हसत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा. गाडी पलीकडे पोचलेली त्याने दोनदा डोळ्यांनी पाहिली होती, आणि मलाही असा आनंद झाला होता की विचारू नका. आम्ही दोघं वेडे.

दिग्दर्शक जवळ आला. आता त्याचा आवाज उतरला होता. "हे बघा, आज झालं नाही तर हा प्रसंगच कापावा लागेल. पाच महिने पाण्यात. खरा पूल कसा पडतो ते तुम्हालाच माहीत. तसा पाडा."

कानसेनचं हसू मावळलं. तो हौदात उतरला, गुडघाभर पाण्यातून तिसऱ्या खांबापाशी गेला. छिन्नी लावून त्याने सांध्यातले चार रिव्हेट ढिले केले. माझ्याच घावांनी केले. मग बोट ठेवून मला प्रत्येकावर मारलं. बद्द. बद्द. बद्द. बद्द. तो म्हाताऱ्याला म्हणाला, "एक कॅमेरा इथे लावा. इथून उघडेल. तार ओढायची गरज नाही."

गाडी निघाली. ती सांध्यापासून दोन डबे लांब होती, तेव्हाच सांधा उघडला. मग तुळई वाकली आणि इंजिन अगदी हळू, मान खाली घातल्यासारखं पाण्यात गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याने विचारलं, "चारच पुरतील, हे कसं कळलं हो तुम्हाला?"

कानसेनने मला उचललं. तो दिग्दर्शकाकडे गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, गोष्टीत ड्रायव्हर दारू पिऊन गाडी हाकतो, असं आहे ना? तेवढं बदला. पूल ड्रायव्हरमुळे पडत नाही."

"मग कुणामुळे पडतो?"

कानसेन माझ्या डोक्यावरचं पाणी बाहीने पुसत राहिला.

दिग्दर्शक हसला. "प्रेक्षकांना चिडायला कुणीतरी माणूस लागतो, मिस्त्री. रिव्हेटवर कोण चिडणार?"

तेव्हाच त्याने बोलायला हवं होतं. रिव्हेटवर नाही, माझ्यावर चिडा, असं म्हणायला हवं होतं. पण ज्याने एकदा शब्द गिळला त्याला दुसऱ्यांदा गिळणं सोपं जातं. तो मला खिशात घालून घरी आला.

सिनेमा लागला. ताई हटूनच बसली, "तू बांधलेला पूल मला बघायचाय." त्याने डोकं दुखण्यापासून तिकिटं संपल्यापर्यंत सगळी कारणं सांगून पाहिली. शेवटी संध्याकाळच्या खेळाला दोघं गेले आणि मी कोटाच्या खिशातून डोकं बाहेर काढून बसले.

पडद्यावरचा ड्रायव्हर बाटली तोंडाला लावत होता, खदाखदा हसत होता, गाडी पळवत होता. ताई ताठ बसली होती. मग पूल आला. सगळं थिएटर श्वास रोखून होतं. तिसरा खांब जवळून दिसला, सांधा उघडला, गाडी खाली गेली आणि शिट्ट्यांचा पाऊस पडला. मागून कुणीतरी ओरडलं, "मेला एकदाचा दारुडा!" कानसेनने डोळे मिटून घेतले. ताईने मात्र पापणीही हलवली नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर ती थांबली. माणसं दोन्ही बाजूंनी जात होती.

"गाडी रुळांवरच होती," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी रुळांवर होती आणि सांधा आधी उघडला. जोरात हाकल्याने पडला असता तर गाडी आधी उसळली असती. तेच म्हणाले होते ना चौकशीत? मग तू असा का बांधलास?"

अकरा वर्षं ड्रायव्हरशी संसार केलेल्या बाईला एवढं कळत होतं. पाच हजार माणसांनी तो सिनेमा पाहिला असेल, पण तो सांधा फक्त तिला दिसला.

कानसेनने मला खिशातून काढलं आणि तिच्या हातात दिलं. "मला कळलं होतं, ताई. चार रिव्हेट होते. हिने सांगितलं होतं. साहेब म्हणाले ठीक लिही, आणि मी लिहिलं."

"किती दिवस आधी?"

"अकरा."

ताईने मला घट्ट धरलं होतं. तिची बोटं गार पडली होती. "आणि मी सहा वर्षं तुलाच विचारत होते," ती म्हणाली. "माझ्या पोरीसमोर." एवढं बोलून ती एकटीच घरी चालत गेली. मला घेऊन.

दुसऱ्या दिवशी कानसेनने ते घर सोडलं. तो कचेरीत गेला आणि सगळं लेखी दिलं. साहेब निवृत्त झाले होते. प्रकरण बंद झालं होतं. त्याचा कागद एका फायलीत लागला आणि ती फाईल कपाटात गेली. सिनेमा मात्र वर्षानुवर्षं गावोगाव चालला. जितक्या वेळा तो लागला तितक्या वेळा ड्रायव्हरने बाटली तोंडाला लावली. कानसेन दिग्दर्शकालाही भेटला. तो म्हणाला, "आता काय उपयोग?" खरं सांगायचं तर, काही उपयोग नव्हता.

ताईने मला दाराशेजारी टांगलं. कानसेन दर आठवड्याला यायचा आणि व्हरांड्यात, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचा. ती त्याला चहा द्यायची, भाचीची खुशाली सांगायची, पण आत ये म्हणायची नाही. घरातलं काही मोडलं तर बाहेरचा माणूस बोलावून दुरुस्त करायची. कानसेनला हात लावू द्यायची नाही. अशी किती वर्षं गेली, मी मोजली नाहीत. दोघांचे केस पांढरे झाले. भाची लग्न होऊन गेली. आणि कानसेनचा कान गेला. आधी उजवा, मग डावा. कानसेनला कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येईना.

एका सकाळी तो जिना चढून आला आणि नेहमीच्या जागी बसला. जिन्याला लोखंडी कठडा होता. ताई बाहेर आली. तिने मला खुंटीवरून काढलं, कठड्याच्या वरच्या रिव्हेटवर त्याचं बोट धरून ठेवलं आणि दुसऱ्या बाजूने मला मारलं. मी बद्द वाजले. त्याला ऐकू आलं नाही, पण बोटाला कळलं. त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"ढिला आहे," तो म्हणाला.

ताई आत गेली आणि एक वही आणि पेन्सिल घेऊन आली. दोन्ही त्याच्या मांडीवर ठेवली. बोटाने लिहायची खूण केली.

त्याला वेळ लागला. त्याने लिहिलं, 'कठड्याचा वरचा रिव्हेट ढिला आहे.' खाली सही केली, तारीख घातली. ताईने वही घेतली आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, "एवढंच लिहायचं होतं रे."

ती रडली, तोही रडला. मी त्यांच्या मध्ये पायरीवर पडून होते. तिने त्याला माफ केलं का, ते मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी तो घरात जेवला आणि कठडा त्याने स्वतः दुरुस्त केला.

आता दोघंही नाहीत. मी भाचीच्या घरी एका खणात असते. अधूनमधून तो सिनेमा घरातल्या टीव्हीवर लागतो. भाची आपल्या नातवंडांना तिसरा खांब दाखवते आणि सांगते, "गाडी बघू नका. सांधा बघा. माझे बाबा हळू चालले होते."

मित्रांनो, मला तेल लावा, पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. थोडा गंज चढला तरी मला खरं बोलता येतं. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या हाताखाली कधी काही बद्द वाजलं, तर शेजारी कोणीही साहेब उभा असो, वहीत 'ठीक' लिहू नका. जे वाजलं ते लिहा, आणि त्याच दिवशी लिहा.